गिरणी कामगारांचे आरोग्य

गिरणी कामगारांचे आरोग्य : कापडगिरण्यांतील कामाचा कामगारांच्या प्रकृतीवर होणारा परिणाम आणि त्याच्या निवारणासाठी कायदा, विमा व वैद्यकीय सेवा यांच्या द्वारा झालेले प्रयत्न यांचा या विषयात समावेश होतो. भारतात कारखान्यातील आरोग्याचा प्रश्न प्रथम मुंबईच्या गिरण्यांत उपस्थित झाला आणि देशातील पुढील कामगारविषयक कायद्यांना बरेचसे वळण याच गिरण्यांच्या अनुभवातून मिळाले. या इतिहासाचे एक वैशिष्ट्य असे, की अपघाताची दखल जितक्या लवकर घेतली गेली, तितक्या लवकर आजाराची घेतली गेली नाही. यंत्रात सापडून तुटलेला हात सर्वांना दिसतो. धुळीने वर्षानुवर्षे निकामी होत जाणारे फुप्फुस दिसत नाही. ज्याची नोंद झाली, त्याचीच भरपाई मिळाली आणि ज्याची नोंद झाली नाही, तो आजार कामगाराचा खाजगी प्रश्न ठरला.

प्रारंभीची परिस्थिती : कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. त्यानंतरच्या तीन-चार दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांची संख्या वाढत गेली व त्यांभोवती कामगारांच्या चाळी उभ्या राहून गिरणगाव निर्माण झाले. कामगार मुख्यतः कोकण व घाटावरील जिल्ह्यांतून आलेले असत. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर दिवस आणखी लांबला आणि काही गिरण्यांत तो तेरा ते पंधरा तासांपर्यंत गेला.

कामाच्या प्रत्येक खात्याचे धोके वेगळे होते. कापसाच्या गासड्या फोडणे, कापूस मिसळणे व साफ करणे ही कामे ब्लो रूममध्ये होत. पुढे कार्डिंग खात्यात तो पिंजला जाई. या दोन खात्यांत धूळ सर्वाधिक असे. पिंजणयंत्रांचे दाते साफ करताना तर हवा तंतूंनी भरून जाई. साचेखात्यात सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवीत. तेथील उष्णता व आर्द्रता यांनी कामगार थकून जाई आणि शेकडो साच्यांच्या एकत्रित आवाजाने त्याची श्रवणशक्ती कालांतराने क्षीण होई. कामावरून सुटल्यावर तो ज्या एका खोलीत परते, तीत अनेकदा एकाहून अधिक कुटुंबे राहत. त्यामुळे क्षयासारखा रोग गिरणीतून आला की चाळीतून, हे सांगणे वैद्यालाही कठीण जाई. या संदिग्धतेचा लाभ पुढे दीर्घकाळ मालकवर्गाला मिळाला.

पहिले कायदे व लोखंडे यांचे निवेदन : मुंबई सरकारने १८७५ मध्ये कारखान्यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्यानंतर संमत झालेला १८८१ चा पहिला कारखाना कायदा यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या व शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले आणि धोकादायक यंत्रांना कठडे घालणे व अपघात कळविणे बंधनकारक केले. प्रौढ पुरुष व स्त्रिया यांच्या कामाच्या तासांबाबत मात्र त्यात काहीच तरतूद नव्हती.

मुंबई सरकारने १८८४ मध्ये दुसरा आयोग नेमला. त्या वेळी नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगापुढे ठेवले. लोखंडे हे ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक व मुंबईतील पहिल्या गिरणी कामगार संघटनेचे संस्थापक होते. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि पगार वेळेवर मिळणे या निवेदनातील मागण्या प्रसिद्ध आहेत. आरोग्याच्या दृष्टीने आणखी एक मागणी महत्त्वाची होती. काम करताना जबर इजा झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा व तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य व्यवस्था व्हावी, अशी ती मागणी होती. हे तत्त्व कायद्यात येण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने तिला कायद्याचे बळ दिले, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले आणि पन्नास माणसांच्या कारखान्यांपर्यंत कायद्याची व्याप्ती वाढविली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. कामगार मोठ्या संख्येने गावी परतले आणि गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली. कामगारांची वस्ती निरोगी नसेल, तर उद्योगही चालू शकत नाही, ही गोष्ट या साथीने शासन व मालक या दोघांच्याही निदर्शनास आणली. प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असतानाच १८९७ मध्ये लोखंडे यांचा त्या रोगाने मृत्यू झाला.

कामाचे तास : कामाचे तास हा आरोग्याचा प्रश्न आहे, ही भूमिका अधिकृत पातळीवर प्रथम ठामपणे मांडणाऱ्यांत डॉ. टी. एम. नायर (१८६८–१९१९) यांचे नाव अग्रभागी आहे. मद्रासचे हे वैद्य १९०७-०८ च्या कारखाना मजूर आयोगाचे सदस्य होते. प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट कायदेशीर मर्यादा घालण्यास आयोगाच्या बहुमताचा विरोध होता. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून अशा मर्यादेचा पुरस्कार केला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. पुढे १९२२ मध्ये आठवड्याचे साठ, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी चौपन्न व १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस तास असा क्रम झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायम ठेवली.

वैद्यकीय मदतीचे खाजगी प्रयत्न : कायद्याने वैद्यकीय सेवा सक्तीची होण्यापूर्वी काही मालकांनी व सेवाभावी संस्थांनी ती पुरविली. जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघातभरपाई सुरू झाली. मुंबईत नारायण मल्हार जोशी (१८७९–१९५५) यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्तीत वाचनालये व रात्रीच्या शाळांबरोबर दवाखानेही चालविले. परळ येथे १९२६ मध्ये राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालय व नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले आणि १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय त्यांच्या जोडीस आले. गिरणगावातील कुटुंबांना या रुग्णालयांचा मोठा आधार झाला. तथापि हे साहाय्य औदार्यावर अवलंबून होते. कामगाराचा तो हक्क नव्हता.

स्त्री कामगार व प्रसूती : रीळखाते व वाइंडिंग खाते यांत स्त्रियांची संख्या मोठी असे आणि नायकिणींच्या हाताखाली त्या काम करीत. रजा मिळाली तरी पगार बुडत असल्यामुळे अनेक स्त्रिया प्रसूतीच्या अगदी आधीपर्यंत कामावर येत व नंतर लवकरच परतत. मुंबई सरकारने १९२० नंतर डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांच्याकडून स्त्री कामगारांच्या परिस्थितीची पाहणी करविली. आया कामावर असताना तान्ह्या मुलांना अफू देऊन झोपविण्याची प्रथा सर्रास असल्याचे त्यांना आढळले. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेले प्रसूतिलाभाचे विधेयक फेटाळले गेले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात अशा विधेयकाची चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला मिळणारी विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब आहे. हा भार मुख्यत्वे सरकारने उचलावयास हवा, परंतु तसे होत नसल्यास स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने त्यातून मोकळे राहणे योग्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ चा मुंबई प्रसूतिलाभ कायदा हा भारतातील या प्रकारचा पहिला कायदा होय. त्याचा एक अनिष्ट परिणाम असा झाला, की खर्च एकट्या मालकावर पडत असल्यामुळे स्त्रियांना कामावर न घेण्याकडे काही मालकांचा कल झाला. हा खर्च सामाईक विमा निधीतून करावा, या विचारास त्यामुळे पुष्टी मिळाली.

अपघातभरपाई : १९२३ चा कामगार भरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. कामाच्या ओघात झालेल्या अपघाताची भरपाई त्याने मालकावर बंधनकारक केली आणि काही व्यवसायजन्य रोगांची यादी जोडली. प्रारंभीच्या यादीत शिसे व फॉस्फरस यांची विषबाधा, तसेच काळपुळी (अँथ्रॅक्स) असे मोजकेच रोग होते. देशातील सर्वांत मोठ्या संघटित उद्योगातील कामगार ज्या धुळीत श्वास घेत होता, तिच्यापासून होणारा रोग त्या यादीत नव्हता. अपघात एका क्षणी व साक्षीदारांसमक्ष घडतो. रोग मात्र वीस वर्षांत वाढतो. त्या अवधीत कामगाराने गिरणी बदललेली असते, तो बदली म्हणून काम करीत असतो किंवा गावी परतलेला असतो. रोगाचे कारण सिद्ध करण्याचा भार अशा वेळी त्याच्यावरच पडतो.

आरोग्य विमा : जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात आजारविम्याचा प्रश्न उपस्थित केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, भारत सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे योजना तयार करण्याचे काम सोपविले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्या वेळी डॉ. आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य होते. आडारकर यांचा अहवाल १९४४ मध्ये सादर झाला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ञांनी त्याची छाननी केल्यावर एप्रिल १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा संमत झाला. यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या व वीस किंवा अधिक माणसे असलेल्या बारमाही कारखान्यांतील, दरमहा चारशे रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना तो प्रारंभी लागू होता. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. मुंबईत ती १९५४ मध्ये आली. आरंभी वैद्यकीय लाभ फक्त कामगारास मिळे. १९५८ पासून तो कुटुंबीयांनाही देण्यास सुरुवात झाली.

मालक व कामगार या दोघांच्या वर्गणीतून उभा राहणारा निधी हे या योजनेचे अधिष्ठान आहे. आजारपणातील रोख लाभ, वैद्यकीय उपचार, प्रसूतिलाभ, इजा झाल्यास अपंगत्वलाभ आणि मृत्यू झाल्यास आश्रितांना लाभ, असे तिचे स्वरूप ठरले. आजारी पडणे म्हणजे उपासमार, हे समीकरण प्रथमच मोडले. मुंबईत नामिकेवरील खाजगी डॉक्टरांची पद्धत स्वीकारण्यात आली. कामगार आपल्या चाळीजवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवी. परळ येथे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय हे योजनेचे प्रमुख रुग्णालय झाले.

या पद्धतीत एक उणीव राहून गेली. चाळीजवळचा डॉक्टर कामगाराचा खोकला तपासी. परंतु तो ज्या खात्यात काम करी, ते खाते डॉक्टरने पाहिलेले नसे. कारखाना निरीक्षक खात्यातील धूळ पाही. परंतु कामगाराचे फुप्फुस तपासणे हे त्याचे काम नव्हते. महाराष्ट्रात विमा योजनेची वैद्यकीय बाजू आरोग्य विभागाकडे आणि कारखान्यांची तपासणी कामगार विभागाकडे राहिली. त्यामुळे एकाच कामगाराविषयीची माहिती दोन ठिकाणी विभागली गेली. खोकल्याची नोंद दम्याचा किंवा जुनाट श्वासनलिकादाहाचा रुग्ण म्हणून होई. उपचार मिळत, रजेचे प्रमाणपत्रही मिळे आणि बरे वाटल्यावर कामगार पुन्हा त्याच धुळीत जाई.

कापसाच्या धुळीचा रोग : कापूस, ताग, अंबाडी इत्यादींच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगास बिसिनोसिस म्हणतात. तंतूंच्या धुळीने होणारा त्रास इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामाझ्झीनी यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथात नमूद केला होता. या रोगाचे विशेष लक्षण असे, की साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते व धाप लागते. पुढील दिवसांत हा त्रास ओसरतो. रविवारी सुट्टी असलेल्या गिरण्यांत तो सोमवारी जाणवे. दोन-तीन वर्षांनी नव्हे, तर साधारणपणे दीर्घकाळच्या कामानंतर हा त्रास आठवडाभर टिकू लागतो व शेवटी श्वसनक्षमता कायमची घटते. धुळीबरोबर येणारी सूक्ष्मजंतूंची विषे यास मुख्यतः कारणीभूत असावीत, असे मानले जाते. छातीच्या क्षकिरण चित्रात या रोगाची अशी खास खूण आढळत नाही. म्हणून कामगाराची हकीकत आणि पाळीच्या आधी व नंतर केलेले श्वसनमापन यांवरच निदान अवलंबून असते. जेथे कामगारास कामाविषयी विचारले जात नाही, तेथे हा रोग सापडतच नाही.

ब्रिटनमध्ये दीर्घकाळ काम केलेल्या कामगारांसाठी या रोगाची भरपाई १९४१ मध्ये सुरू झाली. तेथील रिचर्ड शिलिंग यांनी १९५० नंतरच्या दशकात लँकाशरमधील गिरण्यांत रोगाच्या अवस्था ठरविण्याची पद्धत बसविली. अमेरिकेत कापसाच्या धुळीची कमाल मर्यादा ठरविणारे मानक १९७८ मध्ये आले. भारतात मात्र हा रोग विरळा आहे, असा समज बराच काळ प्रचलित होता. अहमदाबाद येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली व १९७० पासून राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्था म्हणून ओळखली जाणारी संशोधनसंस्था, तसेच मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्था यांमुळे अशा अभ्यासास गती आली. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनी मुंबईतील गिरणी कामगारांची केलेली पाहणी १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मुंबईतही हा रोग लक्षणीय प्रमाणात असल्याचे तीतून दिसून आले. कारखान्याने कळविणे आवश्यक असलेल्या रोगांत व भरपाईयोग्य रोगांच्या यादीतही बिसिनोसिसचा समावेश झाला. तथापि यादीत नाव येणे आणि प्रत्यक्ष कामगारास भरपाई मिळणे यांत मोठे अंतर राहिले.

संप आणि त्यानंतर : डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सामील झाले. संपानंतर अनेकांना काम परत मिळाले नाही आणि पुढील काळात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. विमायोजनेतील हक्क वर्गणीशी निगडित असल्यामुळे रोजगार गेला, की हळूहळू उपचाराचा हक्कही जाई. दीर्घकाळाने बळावणाऱ्या रोगाच्या बाबतीत याचा परिणाम गंभीर होता. आजार वाढण्याच्या वयातच आधार नाहीसा झाला. बदली कामगारांना तर गिरण्या चालू असतानाही हक्कासाठी लागणारे वर्गणीचे दिवस भरण्यात अडचण येई. कापड विणण्याचे काम बऱ्याच अंशी भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे वळले. तेथील पुष्कळसे कारखाने लहान असल्यामुळे कायदा व विमा यांच्या कक्षेबाहेर राहिले.

भोपाळनंतरची वाटचाल : डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांविषयीचे प्रकरण घालण्यात आले. वैद्यकीय तपासणी, आरोग्याच्या नोंदी, कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती आणि धोक्याची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क यांची त्यात तरतूद झाली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांविषयीच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सांगितले. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत, जतन करावी असा आदेशही त्याने दिला. उशिरा प्रकट होणाऱ्या रोगाचे स्वरूप ओळखून दिलेला हा आदेश ॲस्बेस्टॉस उद्योगापुरता असला, तरी त्यातील तत्त्व कापसाच्या धुळीलाही तितकेच लागू पडते.

राज्य कामगार विमा योजनेची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रु. झाली. १ जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगाराची ०.७५ टक्के ठरविण्यात आली. आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रोख लाभ मिळतो. २०२० मध्ये संमत झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत व व्यवसायसुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहितेत जुने कायदे एकत्र करण्यात आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अंमलात आणण्यात आल्या. कामगारांची वर्षातून एकदा विनामूल्य आरोग्यतपासणी आणि धोकादायक व्यवसायांत एक कामगार असला तरी विमा लागू करण्याची मुभा या त्यांतील स्वागतार्ह तरतुदी होत. मात्र यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील किमान कामगारसंख्या दहावरून वीस झाल्यामुळे कारखान्यांसाठीच्या खास तरतुदी लहान यंत्रमागशाळांपर्यंत पोहोचणे कठीण झाले आहे.

मूल्यमापन : गिरणी कामगारांच्या आरोग्याचा इतिहास पाहता उपचाराची व्यवस्था आणि प्रतिबंधाची व्यवस्था या दोहोंची प्रगती सारख्या गतीने झालेली नाही. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, अपघातभरपाई, प्रसूतिलाभ व विमा या गोष्टी कामगारांच्या संघटित मागण्यांतून, काही विचारवंतांच्या आग्रहातून व कायद्यातून साध्य झाल्या आणि त्यांनी असंख्य कुटुंबांना तारले. परंतु यंत्रावर आच्छादन घालून धूळ जागीच शोषून घेणे, हवेतील धूळ नियमितपणे मोजणे, भरतीच्या वेळी व नंतर ठराविक काळाने श्वसनमापन करणे आणि त्रास आढळल्यास पगार न घटविता कामगारास कमी धुळीच्या खात्यात हलविणे, हे उपाय ज्ञात असूनही अपवादानेच अंमलात आले. मुंबईतील बहुतेक गिरण्यांच्या जागी आता उंच इमारती व व्यापारी संकुले उभी आहेत. गिरणगावातील प्रश्न मात्र तेथेच संपला नाही. तो यंत्रमागांच्या लहान गाळ्यांत, मालक व कामगार दोघांचीही नोंद अपुरी असलेल्या जागी, गेला आहे. लोखंडे यांच्या निवेदनाने इजा झालेल्या कामगाराचा हक्क मांडला होता. इजा न होता आजारी पडलेल्या कामगाराचा तोच हक्क पूर्णपणे प्रस्थापित होण्यासाठी त्याच्या कामाची व श्वासाची नोंद एकत्र ठेवली जाणे आवश्यक आहे.